पुन्हा उघडता यावी अशी पायरी

अमेरिकेत जुनं मोटरहोम विकत घेणारा माणूस सगळ्यात आधी हात घालतो तो दाराच्या पायऱ्यांना. दार उघडलं की पहिली नजर तिथेच जाते, आणि वीस-पंचवीस वर्षं वापरलेल्या गाडीत तिथे असतं मळकट, पायांनी दबून चपटं झालेलं कार्पेट. ते उपटायचं, लाकडासारख्या दिसणाऱ्या व्हिनाइलच्या पट्ट्या डकवायच्या, कडेला ॲल्युमिनियमची पट्टी मारायची आणि शनिवार-रविवारात काम उरकायचं, असा बहुतेकांचा बेत असतो. काम तसं उरकतंही, आणि दिसतंही छान. पण त्या दोन दिवसांत पायरीचं नेमकं जे व्हायला नको ते होऊन जातं. डिंक, फोम आणि सिलिकोन यांनी ती कायमची बंद होते. माझं म्हणणं असं की मोटरहोमच्या दाराची पायरी दुरुस्त करताना पहिली अट एकच असावी: काहीही न तोडता, नुसत्या पेचकसाने ती पुन्हा उघडता आली पाहिजे. रंग, पोत, दिवे, कठडा यांचा विचार त्या अटीत बसवून करावा. ही अट अवाजवी वाटेल, म्हणून तिच्यामागची कारणं जरा विस्ताराने मांडतो.

आधी ही जागा बनते कशी ते पाहू. बससारख्या सपाट तोंडाच्या मोटरहोमला तिकडे ‘क्लास ए’ म्हणतात. अशा गाड्या बनवणारे कारखाने मोठ्या संख्येने इंडियाना राज्यातल्या एल्कहार्टच्या आसपास आहेत. १९५८ मध्ये सुरू झालेली विनेबेगो कंपनी आयोवातल्या फॉरेस्ट सिटीत वाढली. हे कारखाने ट्रक बनवणाऱ्यांकडून नुसता सांगाडा घेतात, पेट्रोलच्या गाड्यांत बहुतेकदा फोर्डचा एफ-५३, आणि त्यावर घर उभारतात. त्यामुळे घराची जमीन रस्त्यापासून बरीच उंच जाते. ती उंची माणसाच्या पायाला झेपावी म्हणून दारापाशी जमीन कापून तिथे एक खोका खाली लोंबता बसवतात. हाच पायऱ्यांचा खळगा. काही गाड्यांत हा खोका पत्र्याचा असतो, काहींत फायबरग्लासचा, पण पुष्कळ गाड्यांत तो साध्या प्लायचा किंवा लाकडाच्या चिपा दाबून केलेल्या ओएसबी फळीचा, स्टेपल आणि स्क्रू मारून जोडलेला असतो. खोक्याच्या तळाची एक बाजू घराच्या आत आणि दुसरी थेट रस्त्यावर. त्याच्या खालीच विजेवर बाहेर येणारी लोखंडी पायरी, तिची मोटर आणि दार उघडल्याचा इशारा देणारी वायर. दार पुढे, चालकाशेजारच्या आसनाजवळ असेल तर प्रवासात खळगा झाकणारं सरकतं झाकणही तिथेच. एवढ्या चिंचोळ्या जागेत घर आणि वाहन एकमेकांना भेटतात, आणि दोघांचेही त्रास तिथे जमा होतात.

सगळ्यात मोठा त्रास पाण्याचा. त्याच्या वाटा मोजक्याच, पण प्रत्येक वेगळ्या दिशेने येणारी. बुटांचं पाणी वरून येतं, चाकांनी उडवलेलं खालून. उत्तरेच्या राज्यांत हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. ते या पाण्याबरोबर पायरीच्या पोटाशी जाऊन बसतं आणि लोखंडी अँगल खातं. थंडीत आतली उबदार, दमट हवा खळग्याच्या गार पत्र्याला लागते आणि तिथे दव धरतं. हे सगळं थोडंफार डोळ्यांना दिसतं तरी. फसवी वाट आहे ती दाराच्या चौकटीतली. चौकट ॲल्युमिनियमची असते. तिची बाहेरची पाळ भिंतीवर स्क्रूंनी आवळलेली असते, पाळीखाली मऊ ब्यूटाइलची पट्टी असते, आणि चौकटीच्या किंवा आजूबाजूच्या पट्ट्यांच्या खाचेत स्क्रूंची डोकी झाकणारी व्हिनाइलची लांब फीत सरकवलेली असते. वर्षानुवर्षं उन्हात राहून ही फीत आकसते. टोकांना बोटभर खाच उघडी पडते, मधे कुठे फीत पिवळी पडून उचलली जाते, आणि तिच्या मागे पावसाला आयती पन्हळ मिळते. पन्हळीतला स्क्रू गंजतो, त्याचं भोक सैल होतं, आणि पाणी भिंतीच्या आतून उतरत सगळ्यात खालच्या जागी, म्हणजे पायरीच्या मागच्या कोपऱ्यात येऊन थांबतं. वरचं कार्पेट तोवर कोरडं असतं. कोपऱ्यात टोच्या दाबला की तो सरळ आत जातो, लाकूड अडवतच नाही. बाहेर काढला की टोकाला काळपट ओला भुसा लागलेला असतो आणि त्याला मातकट वास येतो. हे पाणी पायरीचं नसतंच, ते दाराचं असतं. पायरीवर काहीही चढवलं तरी ते येत राहणार.

लाकूड कुजवते ती बुरशी, आणि बुरशीला ओल लागते. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन इथे १९१० पासून लाकडाचा अभ्यास करणारी सरकारी प्रयोगशाळा आहे. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या आत राहिली तर ते कुजण्यापासून सुरक्षित, हा तिने रूढ केलेला नियम आज सगळीकडे चालतो. ओल ३० टक्क्यांच्या आसपास गेली की लाकडाचे तंतू तृप्त होतात आणि बुरशीला हवी ती परिस्थिती मिळते. म्हणजे पायरी टिकण्यासाठी पाणी अजिबात न येणं ही अट नाही. आलेलं पाणी लवकर वाळणं ही खरी अट आहे. आता कार्पेटच्या जागी व्हिनाइल आलं की काय होतं पाहा. कार्पेट ओल धरून ठेवतं हे खरं, पण ती थोडीफार वर सोडतंही. व्हिनाइलमधून काहीच जात नाही. दुकानदार ‘शंभर टक्के वॉटरप्रूफ’ म्हणून ते विकतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. मात्र जे वरचं पाणी खाली जाऊ देत नाही, ते खालचं पाणी वरही येऊ देत नाही. चौकटीतून उतरलेली ओल मग डिंकाच्या थराखाली कोंडते. ओएसबीच्या कडा फुगतात, फुगलेली कड पट्टीला वर रेटते, आणि मालकाला वाटतं की पट्टी नीट चिकटली नाही. तो आणखी डिंक घालतो. ओल मोजायचं सुईचं यंत्र अशा वेळी कामाचं नसतं, कारण सुया टोचायला लाकूडच उघडं नसतं. जी पायरी उघडते, तिच्यात वर्षातून एकदा यंत्राची सुई टोचून आकडा बघता येतो; वाढलेला दिसला तर कुजण्याच्या आधीच दाराकडे बघता येतं.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा: पाणी येतंच कशाला? चौकट एकदा नीट बंद करा, कुजलेल्या लाकडात इपॉक्सी मुरवा, सगळं दगडासारखं होऊन जाईल, मग उघडायची गरजच काय? आक्षेप तर्काला धरून आहे आणि त्याचा अर्धा भाग मला मान्यही आहे. चौकट आधी, पायरी नंतर, हा क्रम मी कधीच मोडणार नाही. चौकट सोडवून जुना लगदा खरवडायचा, नवी ब्यूटाइल पट्टी घालून ती परत बसवायची आणि आकसलेली फीत बदलायची. पण एकदा केलेलं हे काम जन्मभर पुरेल, ही समजूत मोटरहोमला लागू पडत नाही. घर एका जागी उभं असतं. हे घर ताशी शंभर किलोमीटरने पळतं. प्रत्येक खड्ड्याला त्याचा सांगाडा पिळतो, दाराची चौकट किंचित तिरकी होते आणि पुन्हा सरळ होते. ॲरिझोनाच्या उन्हात बंद गाडी भट्टीसारखी तापते, मिनेसोटाच्या थंडीत गोठणबिंदूच्या कितीतरी खाली जाते. अशा हालचालीत प्रत्येक सांधा कधी ना कधी उघडतोच. इपॉक्सीचं म्हणाल तर ती कोरड्या, भुसभुशीत लाकडात मुरते, ओल्यात मुरत नाही. वरून कवच तयार होतं आणि आत ओला गाभा शिल्लक राहतो. कुजका भाग निरोगी लाकडापर्यंत कापून काढणं हे कंटाळवाणं काम आहे, पण त्याला पर्याय सापडलेला नाही. सिलिकोनबद्दल तर मला फारच तक्रार आहे. ते जिथे लागतं तिथे नंतर दुसरं काही नीट चिकटत नाही. पुसून, खरवडूनही त्याचा तेलकट थर उरतोच. आज घाईने ओढलेली सिलिकोनची रेघ पुढच्या दुरुस्तीला दहापट अवघड करून ठेवते.

कोकणातल्या कौलारू घरांना पाणी कधीच लागणार नाही, असं कुणी गृहीत धरलं नव्हतं. दर वर्षी मृगाच्या आधी कौलं उतरवायची, फुटकी बदलायची, कुजलेली रीप काढायची, ही शाकारणी घराच्या रचनेतच धरलेली होती. म्हणूनच कौल नुसतं रिपेवर टेकलेलं असायचं, कुठे लिंपून टाकलेलं नसायचं. मोटरहोमची पायरी मला त्याच जातीची वाटते. जिथे पाणी येणारच आहे, तिथे सांधा सोडवता येईल असाच करायचा.

काही गाड्यांत तर पायरी बंद करणं निव्वळ कुजण्यापुरतं राहत नाही. बऱ्याच मोटरहोममध्ये घरासाठीच्या बॅटऱ्या दाराच्या पायरीखालीच ठेवलेल्या असतात, वरची फळी उचलली की दिसतील अशा. शिसं-आम्लाच्या या बॅटऱ्या चार्ज होताना हायड्रोजन सोडतात. हवेत त्याचं प्रमाण ४ टक्क्यांवर गेलं की ठिणगीने पेट घेऊ शकतो. म्हणून त्या कप्प्याला बाहेर उघडणारी झडप असते, आणि बॅटरीत शुद्ध पाणी घालायला फळी वारंवार उचलावी लागते. फळीवर व्हिनाइल डकवून कडा भरून टाकल्या की ही देखभाल थांबते, आणि झडपही फोमने बुजवली असेल तर वायू आतच साचतो. आम्लाच्या वाफेने आजूबाजूचा अँगल गंजलेला असतोच. तो तपासायची वाटही त्याबरोबर बंद होते. यावर हल्ली उत्तर मिळतं की लिथियम बॅटऱ्या लावल्या, आता वायूही नाही आणि पाणी घालणंही नाही. वायूपुरतं ते बरोबर आहे. पण प्रचलित लिथियम लोह फॉस्फेट बॅटऱ्या गोठणबिंदूच्या खाली चार्ज करता येत नाहीत, आणि पायरीखालची जागा गाडीतल्या सगळ्यात गार जागांपैकी एक. त्यांना ऊब द्यावी लागते, वायर तपासावी लागते, जोड आवळावे लागतात. बॅटरी बदलली तरी तिथे हात पोचण्याची गरज उरतेच. बाहेर येणाऱ्या लोखंडी पायरीचंही तसंच. ती खालून दुरुस्त होते हे खरं, पण काही गाड्यांत तिचे बोल्ट आणि वायरचा जोड खोक्याच्या आतल्या बाजूला असतो. दार उघडावं, पाय पुढे टाकावा आणि पायरी बाहेर आलेलीच नसावी, यात हाड मोडू शकतं. म्हणून तिची तपासणी सोपी असणं हा चैनीचा विषय नाही.

आता करायचं कसं. इथे दुसरा, जास्त वजनदार आक्षेप समोर येतो: व्हिनाइल बनवणाऱ्या कंपन्याच सांगतात की पायरीवर पट्ट्या पूर्ण चिकटवा, एकमेकींत अडकवून नुसत्या ठेवू नका. त्यांचं बरोबर आहे. पायरीच्या कडेवर सैल पट्टी सरकली तर माणूस पडेल. उपाय असा की पट्टी चिकटवावी, पण गाडीला नव्हे, एका सुट्या फळीला. प्रत्येक पायरीची फळी वेगळी कापायची. उभ्या बाजूच्या तळाशी फळीच्या जाडीएवढी खाच ठेवायची. फळीची मागची कड त्या खाचेत सरकते. पुढच्या कडेवर ॲल्युमिनियमचं नोजिंग, म्हणजे कडेची पट्टी, येतं, आणि त्याचे स्क्रू फळीतून पायरीच्या चौकटीत बसवलेल्या धातूच्या आट्यांमध्ये जातात. लाकडात थेट मारलेला स्क्रू तीन-चारदा काढला-घातला की सैल होतो; धातूच्या आट्यांत तो कितीही वेळा आवळता येतो. एवढं केलं की नोजिंगचे चार स्क्रू सोडवून फळी पुढे ओढली, की पायरी उघडी. उभी बाजूही अशीच दोन स्क्रूंवर ठेवावी. स्टेनलेसचा स्क्रू ॲल्युमिनियममध्ये मिठाच्या पाण्यात जाम होतो, म्हणून आट्यांना ग्रीस लावूनच घालावा.

फळी कसली हवी, याबद्दल बराच गोंधळ आहे. ‘मरीन प्लाय घाला, कुजणार नाही’ असं सर्रास सांगितलं जातं. आपल्याकडे आयएस ७१० चा शिक्का असलेल्या प्लायला ७२ तास उकळण्याची परीक्षा द्यावी लागते. ती परीक्षा थर सुटू न देणाऱ्या डिंकाची. अमेरिकेतल्या मरीन प्लायचाही डिंक उत्तम असतो आणि आत पोकळ्या जवळजवळ नसतात, पण त्यातल्या लाकडावर बुरशीविरुद्ध औषध मारलेलंच असतं असं नाही. सतत ओला राहिला तर तोही कुजतो, फक्त थर सुटे न होता. मग औषध मारलेला बाहेरच्या कामाचा प्लाय का वापरू नये? तर अमेरिकेत २००३ च्या अखेरीस घरगुती लाकडातून आर्सेनिकचं औषध मागे घेतलं गेलं, आणि त्याच्या जागी तांब्याचा भर असलेली औषधं आली. तांबं ओलीत ॲल्युमिनियमला आणि साध्या लोखंडाला खातं. मोटरहोमच्या दाराभोवती नेमके हेच दोन धातू असतात. म्हणून मला साधा, बाहेरच्या दर्जाचा किंवा मरीन प्लाय पसंत आहे, आणि सगळा जीव त्याच्या कडांत ओतावा असं वाटतं. प्लाय पाणी पितो तो कडांतून. कापून, सगळी भोकं पाडून झाल्यावर कडांना आणि भोकांच्या आतून इपॉक्सीचे दोन हात द्यावेत. कोरड्या, ताज्या लाकडावर इपॉक्सी हवी तशी मुरते, तिथे माझी तिच्यावर काहीच हरकत नाही. सगळ्यात खालच्या पायरीत मागच्या कोपऱ्याला, बॅटरीचा कप्पा नसेल त्या बाजूला, रस्त्याकडे उतरणारं एक छोटं भोक ठेवावं आणि त्यावर जाळी बसवावी. गळती पुन्हा सुरू झाली की पाणी कोंडण्याऐवजी तिथून ठिबकतं, आणि मालकाला ते दिसतं.

एक गोष्ट घाईत हमखास चुकते ती उंचीची. अमेरिकेतल्या घरबांधणीच्या आदर्श नियमांत पायरीची उंची जास्तीत जास्त १९६ मिलिमीटर धरलेली आहे, आणि एकाच जिन्यातल्या सगळ्यात उंच व सगळ्यात बुटक्या पायरीत ९.५ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक चालत नाही. हे नियम मोटरहोमला बांधील नाहीत, तिथल्या पायऱ्या मुळातच उभट असतात. पण दुसऱ्या पायरीपासून माणूस न बघता पाय टाकतो, हे गाडीतही तितकंच खरं आहे. मधल्या एकाच पायरीवर बारा मिलिमीटरची फळी आणि पाच मिलिमीटरची पट्टी जास्तीची चढवली, तर खालचा चढ तेवढ्याने वाढतो आणि वरचा तेवढ्यानेच कमी होतो. दोन चढांतला फरक तीस मिलिमीटरच्या पुढे जातो. नंतर घरातली आजी रोज तिथेच का अडखळते ते कुणाला कळत नाही. म्हणून काढलेल्या थरांची जाडी लिहून ठेवावी आणि भरलेल्यांची त्याच्याशी जुळवावी.

सुटी पायरी करकरते, स्क्रूंची डोकी दिसतात, आणि विकायला काढल्यावर घेणारा नाक मुरडतो, हेही ऐकायला मिळतं. करकर थांबवायला फळी आणि चौकटीच्या मधे पातळ रबराची पट्टी पुरते. डोक्यांचं म्हणाल तर नोजिंगवर ती ओळीत बसवली तर वाईट दिसत नाहीत. विक्रीबद्दल मात्र मी ठामपणे उलट बाजूला आहे. जाणकार गिऱ्हाईक दारापाशीच गुडघ्यावर बसून कोपऱ्यात अंगठा दाबून बघतो, कारण गाडी कुठे कुजते ते त्याला ठाऊक असतं. त्याच्यासमोर चार स्क्रू सोडवून कोरडं, पांढरं लाकूड दाखवता येणं, यापेक्षा मोठी खात्री विकणारा देऊ शकत नाही. वेळ जास्त लागतो हे कबूल. पण तो एकदाच लागतो. डिंकाने बंद केलेली पायरी पुढच्या वेळी तोडावी लागते, आणि तोडताना सोबत नवं व्हिनाइलही जातं.

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरावॅन पर्यटनाचं धोरण आणलं. आपल्याकडच्या गाड्या अमेरिकेतल्यांपेक्षा लहान, दार डावीकडे, पायरी एखाददुसरी. पण पाऊस चार महिन्यांचा, आणि कोकणच्या रस्त्याला लागलं की हवेत मीठ बाराही महिने. अशा गाड्या स्थानिक गॅरेजात बांधून घेणाऱ्यांनी आतल्या फर्निचरच्या लॅमिनेटची निवड करण्याआधी बांधणाऱ्याला विचारून घ्यावं: दाराची पायरी कुठून उघडते, चौकटीखाली ब्यूटाइल आहे की सिलिकोन, आणि खालच्या कोपऱ्यातलं पाणी बाहेर पडायला भोक कुठे ठेवलं आहे.